उजवी म्हंजी कुठली

उजवी म्हंजी कुठली, एवढं सांगून जायला तुझं काय जात व्हतं?

दोन गाड्या शेडात उभ्या. एक तांबडी, एक हिरवी. एक घ्यायची, एक सोडायची. चार महिनं आपण त्यावर भांडलो आन् भांडण अर्ध्यात टाकून तू निघालीस. भोरच्या दवाखान्यात नाकाला नळी लावलेली, डोळं मिटलेलं, आपली मंगल पायथ्याला बसलेली. मला वाटलं, आता काई मोठं सांगशील. लेकीचं, नायतर देवाचं. तू माझ्याकडं तोंड केलंस आन् म्हणालीस, "उजवी घ्या." एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलीस.

आज महिना झाला. मंगल सकाळच्या गाडीनं नसरापूरवरनं आली, सवाष्ण जेवू घातली, तुझ्या आवडीचं घेवड्याचं कालवण केलं. आल्यागेल्या बाया म्हणत व्हत्या, "नशिबाची व्हती, अहेव गेली." नशीब तुझं. खरकटी भांडी माझी.

मी दमलोय. काम करून दमलो असतो तर झोप लागली असती. हे दमणं निराळं हाय. चहा करायला उठतो आन् चुलीपाशी जाईपर्यंत वाटतं, जाऊ दे. शेडाचं शटर महिनाभर आठ-धा येळाच उघडलं असंल. गिऱ्हाईक येतं, बंद बघून जातं. जाऊ दे.

गाड्या साहेबांच्या. पानशेतला पाण्याकाठी त्यांचा बंगला व्हता, शनिवार-रविवारी पुण्याहून यायचे. तीस वर्सं त्या दोन गाड्यांचा एकेक नट म्या फिरवला, पण गाडी माझी न्हवती. गेल्या साली बंगला विकला तवा दोन्ही आपल्या शेडात आणून लावल्या, रस्त्याकडं तोंडं करून, एकीशेजारी एक. म्हणाले, "मिस्त्री, माझ्या गुडघ्यांना आता ह्या झेपत नाहीत. एक तू घे. आधी पसंती तुझी. राहील ती पुण्याचा एक हौशी माणूस नेतोय, त्याला कुठलीही चालते." किंमत दोघींची एकच आन् आपल्याला परवडंल अशी. म्हणून भांडण पैशाचं कवाच न्हवतं. पसंतीचं व्हतं.

पळवायच्या गाड्या ह्या. दोन माणसं बसणार, तिसरं न्हाई. बसकं अंग, लांब नाक, भुईला पोट टेकतंय का काय असं वाटावं. पहिल्यांदा बघितलीस तवा पदर तोंडाला लावून म्हणालीस, "अवो, ही मोटार हाय का पायताण?" हिरवीला तर तू कायम बेडकीच म्हणालीस. साहेबांसमोरबी. साहेब हसले, मला मातर घाम फुटला.

घ्यायची गोष्ट निघाली तवा तू उंबऱ्यात बसून घेवडा मोडत व्हतीस.

"पेंडीचं पोतं कुठं बसंल हिच्यात?"

"पोतं न्यायला न्हाई ही."

"मंग काय न्यायला?"

"वारा."

"वारा काय हितं कमी हाय? तोरण्याखाली जल्म गेला आपला."

पण दोन दिवसांनी तूच शेडात आलीस आन् दोन्हीभवती फिरलीस. जनावराच्या बाजारात फिरावं तशी. हात पाठीमागं, तोंड मिटलेलं. तवाच मला कळलं, की नको म्हणणारी आता कुठली म्हणणार.

मी हिरवीचा. माझं म्हणणं मांडून झालंय तुझ्याम्होरं शंभर येळा, तरी पुन्हा सांगतो, आता मधी बोलायला तू न्हाईस. हिरवीचा पत्रा शाबूत. डोक्यावर पक्कं छप्पर, पाणी आत येत न्हाई. गेर असा पडतो की हाताला कळत न्हाई. खोड एकच. इंजनाचं हेड ॲल्युमिनचं. पाणी जरा कमी झालं की तापतं, तापलं की वाकतं. आन् तिचा एकेक भाग परदेशातनं यायचा, तवर गाडी उभी. पण एकदा वाकलेलं हेड म्या काचेवर पॉलिशपेपर लावून आठ दिवस घासून सरळ केलं व्हतं. साहेबांना लोकांनी सांगितलं व्हतं, फेकून द्या. फेकायचं म्हणणाऱ्यांनी नंतर येऊन बघितलं. म्हणून ती माझी. नावावर असो नसो.

तांबडीचं बूड कुजलेलं. पाय ठेवतो तितनं खालची सडक दिसती. छप्पर कापडाचं, तेबी दोन जागी फाटलेलं. दोन कार्बोरेटर, दोघांनी सारखाच श्वास घ्यायला पाहिजे, न्हाई घेतला की गाडी खोकती. सकाळी गार असली की सुरू व्हायला नखरं. पण तिचं सगळं चार पान्यांत उघडतं. जे मिळत न्हाई ते नसरापूरचा लेथवाला घडवून देतो. म्हंजी हिशोब असा, की तांबडी रोज थोडी थोडी मरती आन् हिरवी एकदाच मरंल.

तू म्हणालीस, "रोज मरणारी बरी. सवय व्हती."

म्या म्हणलं, "तुला गाडीतलं काय कळतंय?"

हे म्या म्हणायला नको व्हतं. गाडीतलं तुला कळत व्हतं. माझा डावा कान ग्राइंडरनं खाल्ला आन् उजवा वयानं. धा वर्सं झाली, इंजन चालू केलं की मला नुसती घरघर ऐकू येती, तिच्यातली खुसपटं न्हाईत. तांबडीचं दोन कार्बोरेटर जुळवायचं म्हंजी रबरी नळीचं एक टोक त्यांच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानात. कान तुझा. मी स्क्रू फिरवणार, तू सांगणार. "पुढची फुसकारतीया. मागची गप हाय. जरा... जरा... थांबा. आता दोघी बहिणी एका सुरात." गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्तरीच्या हाताला गुण हाय. गुण नळीच्या टोकाला व्हता, लुगड्यात. पाटीवर मातर माझंच नाव. ते आजवर कुणाला सांगितलं न्हाई. आज सांगतो. धा वर्सं हे ग्यारेज दोघांचं व्हतं.

तू दवाखान्यात असताना म्या मनाशी म्हणलं, बरी झाली की सांगू. असली कामं म्या जल्मभर उद्यावर ढकलली.

आता त्या उजवीचं.

दहाव्याला नदीवर सगळी गोळा झाली. पिंड मांडला. कावळा येईना. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघाया लागलं. तुझा दगडूभाऊ पुढं झाला, त्याला असल्या जागी लई जोर चढतो. हात जोडून म्हणाला, "अक्का, मंगलची काळजी करू नगंस." कावळा न्हाई. मंगल म्हणाली, "आये, आबांना मी बघीन." कावळा न्हाई. मंग दगडू माझ्याकडं वळला.

"दाजी, गाडीचं बोला. शेवटचा शब्द तिचा गाडीचा व्हता."

सगळी माझ्याकडं बघाया लागली. एवढ्या मोठ्या म्हाताऱ्यानं नदीकाठी उभं राहून मोटारीचं बोलायचं. म्या घसा साफ केला आन् म्हणलं, "उजवी म्हणालीस न्हवं? घेतो. हिरवी घेतो. तुझ्या मनासारखी."

पलीकडच्या झाडावर दोन कावळं व्हतं. ते उठलं आन् गेलं.

शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा करून शिववला. माझा कावळ्यावर इश्वास न्हाई. ऊन झालं व्हतं, गेलं असतील पानशेतकडं, तिकडं हाटेलं झाल्यात, रविवारी पुण्याच्या लोकांचं खरकटं मायंदाळ. कोरडा भात खायला हितं कोण येतंय. मी असंच सगळ्यांना सांगितलं. सगळी हसली. मंगल हसली न्हाई.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आबा, उजवी म्हंजी हिरवी कशावरनं?"

"शेडाच्या दारात उभं राहा. हिरवी उजव्या हाताला. बघ जाऊन."

"आये तसं म्हणाली नसंल. उजवी म्हंजी चांगली. दोघींत जी उजवी ती घ्या, म्हंजी तुमचं तुमी बघा, असं म्हणाली असंल. तिला त्या वक्ताला गाड्यांचं काय पडलंय?"

दगडूचं तिसरंच. चहाची बशी फुंकत म्हणाला, "उजवी म्हंजी उजवा कौल. देवीला फुलं लावा. उजवं फूल पडंल ती गाडी."

"देवीनं कवा मोटार हाकलीया रं?" म्या म्हणलं.

"सिंह हाकती की!"

"मंग सिंह घेतो इकत."

तेवढ्यावर हसणं झालं आन् तो आपल्या गावाला गेला. पण तुझ्या एका शब्दाची तीन घरं झाली आन् मी माझ्या घरात दार लावून बसलो. हिरवी. दारातनं बघितलं तर हिरवी. साहेबांना फोन करून सांगायचं तेवढं राहिलं. रोज म्हणायचो, आज करू. रोज फोन हातात घ्यायचो आन् खाली ठेवायचो.

का, ते लिहितो. त्याआधी दुसरं लिहावं लागंल.

लई वर्सं झाली. मंगल शाळंत व्हती. तांबडीचं ब्रेक नवं बसवलं व्हतं, चढउतारावर बघावं म्हणून वेल्ह्यापर्यंत नेली. बाजाराचा दिस. तुझी यष्टी चुकलेली, तू स्टँडवर दोन पिशव्या घेऊन उभी.

"बस," म्हणलं.

"ह्यात? लोक काय म्हणतील?"

"बस म्हणलं न्हवं."

पिशव्या पायात घेतल्यास. छप्पर काढलेलं. तिठा सोडला आन् वारा आला तसा तुझा पदर डोक्यावरनं गेला. एकदा धरलास, दोनदा धरलास, मंग सोडून दिलास. तुझ्या केसांत वारा म्या त्याआधी कवा बघितला न्हवता. आपलं लगीन होऊन बारा-तेरा वर्सं झाली व्हती. आन् तू हसलीस. मोठ्यांदा. मला म्हणालीस, "आणिक जोरात घ्या की!" मला. ज्याला साहेब म्हणायचे, मिस्त्री, जरा हळू.

गावाच्या फाट्यावर चहाच्या टपरीला चार-पाच जण बसल्यालं लांबनं दिसलं. साहेबांच्या गाडीत मिस्तरी बायकू फिरवतोय, असं कुणी पानशेतला सांगितलं तर? अलीकडंच गाडी बाजूला घेतली.

"उतर."

तू बघितलंस माझ्याकडं. तुला वाटलं, गाडीला काई झालं.

"उतर, चालत ये. साहेबांच्या कानावर गेलं तर धंदा जाईल."

उतरलीस. पिशव्या उचलल्यास. पदर डोक्यावर घेतलास. मी तुझ्या शेजारनं गाडी घेऊन फुडं आलो आन् टपरीवाल्यांना हात केला. तू अर्ध्या तासानं आलीस, उन्हाची, आन् आधी मला पाणी दिलंस. मंग स्वतः प्यालीस. शिव्या द्यायला पाहिजे व्हत्यास. दिल्या असत्यास तर म्याबी चार दिल्या असत्या आन् मिटलं असतं. तू न बोलता भाकरी थापलीस आन् ते तसंच राहिलं.

एकदाच निघालं. औंदाच, ह्या भांडणात. म्या हिरवीचा गेर सांगत व्हतो. तू म्हणालीस, "त्या बेडकीत मी कवा बसलेच न्हाई, तिचं मला काय? तांबडीत बसलेली हाय मी. आन् उतरले न्हाई, मला उतरवलीया." म्या म्हणलं, "बूड बघ तिचं, कुजलंय." तू म्हणालीस, "बुडाचं म्या बोलतच न्हाई." मी पाना घेऊन गाडीखाली गेलो. काम न्हवतं खाली काई. उगी पडून राहिलो.

तर आता का ते.

वर म्या लिहिलंय, उजवी म्हंजी कुठली ते सांगून जायचं व्हतंस. ते खोटं हाय. लोकांना खोटं सांगितलं ते सांगितलं, तुलाबी पहिल्याच ओळीत सांगितलं. खोडायचं म्हणलं तर खोडता आलं असतं. राहू दे. तुला दिसू दे.

तुझं नवं लगीन. जेमतेम वर्स झालं असंल. मी एका जीपखाली झोपलेलो, जॅक लावून. म्हणलं, उजव्या चाकाचं नट सैल कर. तू गाडीम्होरं उभी, तुझ्या उजव्या हाताला आलं ते चाक धरलंस. जॅक दुसऱ्या अंगाला. जोर लावलास तशी गाडी हालली, जॅक कलला, आन् ते धूड माझ्या छातीवर यायचं चार बोटांनी राहिलं. बाहेर आलो तवा तू रडत व्हतीस. म्या वराडलो तुझ्यावर. शेजारपाजार गोळा होईस्तवर वराडलो. "गाडीची उजवी बाहेर उभं राहून मोजत न्हाईत! आत बसून मोजत्यात! डायवरचा उजवा हात तीच उजवी. ध्यानात ठेव, न्हाईतर कपाळ पांढरं होईल तुझं."

ध्यानात ठेवलंस. त्यानंतर सगळ्या जल्मात तू एकदाबी चुकली न्हाईस. मीच कवातरी घाईत चुकायचो, तवा तू म्हणायचीस, "मिस्तरी, आत बसा आन् मंग सांगा." माझं नाव कवा घेतलं न्हाईस, पण टोमणा मारायचा असला की मिस्तरी.

गाड्यांची तोंडं रस्त्याकडं. आत बसलं तर उजव्या अंगाला तांबडी. तू बसायचीस त्या मागच्या उंबऱ्यातनं रस्त्याकडं बघितलं तरी उजव्या अंगाला तांबडीच. शेडाच्या दारात, बाहेर, रस्त्याकडं पाठ करून उभं राहायची सवय ह्या घरात एकट्या मला. तू "उजवी" म्हणालीस त्याच घटकंला मला कळलं व्हतं कुठली. दगडूला कौल लागला असता, मंगलला घोळ पडला असता. मला घोळ न्हवता. मला फक्त हिरवी पाहिजे व्हती, आन् तू मेलीस तवा वाटलं, आता सांगायला कोण येतंय.

असा माणूस हाय मी. तुला ठाऊक व्हतं, तरी नांदलीस.

दोन दिवस झालं वरचं लिहून. फुडं लिहवना. काल सकाळी साहेबांचा फोन आला. हल्ली त्यांचाबी आवाज बारीक झालाय, का माझा कान, देव जाणे. फोन मोठ्या आवाजावर लावून कानाशी धरला.

"मिस्त्री, रविवारी तो माणूस टेम्पो घेऊन येतोय. कुठली द्यायची त्याला?"

"हिरवी द्या."

"काय?"

"हिरवी द्या म्हणलं. मला तांबडी."

आता त्यांचा आवाज चांगला मोठा आला.

"अरे, तिचं बूड गेलंय. तूच मला दहा वेळा सांगितलंस, की साहेब हिच्यावर खर्च करू नका. आणि हिरवीचं हेड तर तू स्वतः..."

"व्हय. म्या घासलं."

"मग?"

साहेब चांगला माणूस. इतक्या वर्सांत मला कवा अरेरावी केली न्हाई. म्हणून म्या त्यांना सगळं सांगून टाकलं. वेल्ह्याचा बाजार, पिशव्या, फाटा. तुमच्या भ्यानं बायकूला गाडीतनं उतरवली म्हणून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाले, "मिस्त्री, तू मला सांगितलं असतंस, की हिला जरा फिरवून आणतो, तर मी नाही म्हणालो असतो का?"

न्हाई म्हणाले नसते. हे मला तवाबी ठाऊक व्हतं का? आता इचार करतो तर वाटतं, व्हतं. साहेबांचं भ्या न्हवतंच. टपरीवरच्या चार टाळक्यांची लाज व्हती. बायकू शेजारी बसून हसतीया आन् मी जोरात गाडी घेतोय, हे त्यांना दिसू नये म्हणून तुला उन्हात चालवली. साहेबांचं नाव फुकट खराब केलं. त्या टाळक्यांतली तीन तर आता जित्ती न्हाईत. ज्यांना लाजलो ती गेली, जिला लाजलो ती गेली. माझ्याशी बोलायला आता फक्त विमा इकणारा येतो.

मधी पुन्हा लिहिणं राहिलं. रविवारी टेम्पो आला. सपाट पाट्याचा, मागं फळ्या लावून गाडी चढवायची. माणूस पोरसवदा न्हवता, चांगला पन्नाशीचा, सभ्य. मला काका म्हणत व्हता. हिरवी म्या स्वतः वर चढवली. एका दमात चढली, कुरकुर न्हाई, लेक सासरी निघाली तरी आईला त्रास द्यायची न्हाई तशी. म्या त्याला सांगितलं, पाणी रोज बघायचं. काटा अर्ध्याच्या वर गेला की थांबायचं, कुणी काई म्हणू दे, थांबायचं. त्यानं "हो काका, हो काका" केलं. म्या म्हणलं, "नुसतं हो नको. लिहून घ्या." त्यानं मोबाईलवर लिहून घेतलं. दोरांनी बांधली. टेम्पो वळणावरनं दिसंनासा होईस्तवर उभा व्हतो. मला दुख झालं. तुझ्यापासनं कशाला लपवू, तू गेलीस त्या दिवशी रडलो न्हवतो तेवढा रविवारी हिरवीसाठी रडलो. का कुणासाठी, ते मला नीट सांगता येत न्हाई. मंगल त्या दिवशी पुन्हा आली व्हती, ती म्हणाली, "आबा, आत चला." चहा दिला. तिनं कुठल्या उजवीचं काई इचारलं न्हाई. तुझी लेक हाय.

शेड आता अर्धं रिकामं. एकच गाडी उभी असल्यावर उजवी-डावी राहतच न्हाई.

आज सकाळी ठरवलं, तांबडी बाहेर काढू. वेल्ह्याला जाऊन येऊ. अंगात बळ न्हाई, पण तुझा महिनाबी होऊन गेला आन् साहेबांच्या कागदावर माझी सही झाली. आता तिला माझी म्हणायला कुणाची परवानगी नको. छप्पर काढलं. ते काढताना आणिक एका जागी फाटलं. बसलो. बसताना गुडघा असा कळकला की आईबाप आठवलं. बटण दाबलं. न्हाई. चोक ओढला. न्हाई. उतरलो, बॉनेट उघडलं, पंपाला दोन टोलं दिलं, पुन्हा बसलो. न्हाई. हँडल घालून फिरवलं, चार येळा, पाच येळा, छाती भरून आली. गाडी ढिम्म.

आन् महिनाभर माझ्या तोंडातनं जो आवाज निघाला न्हवता तो निघाला. "घे! घे तुझी उजवी! रोज मरणारी बरी म्हणं, सवय व्हती म्हणं! ती बेडकी एका दमात वर चढली, आन् ही बघ! तुला काय, तू बसलीस जाऊन वर, हँडल कुणी मारायचं? सांगत व्हतो न्हवं, बूड कुजलंय, पंप गेलाय, सांगत व्हतो का न्हाई? माझं कवा ऐकलंस तू? एकदा तरी?"

शेजारची सखूवहिनी झाडू हातात घेऊन कुंपणापाशी आली. घाबरलेली.

"भाऊजी, कुणाला वं बोलताय?"

"हिला," म्या म्हणलं.

ती गाडीकडं बघत राहिली. मंग गाडीतल्या रिकाम्या शिटाकडं. झाडू तसाच हातात घेऊन आत गेली. मी घाम पुसला, हँडलाला पुन्हा हात घातला आन् म्हणलं, "बस नीट. आज कुठं उतरायचं न्हाई."